नोएलीन पॅस्कोचे ब्रेक

नवरा गेल्यानंतर दोन वर्षं नोएलीन पॅस्को दर रविवारी सकाळी ओठांना लिपस्टिक लावून, पर्स घेऊन, घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसायची. पट्टा लावायची, किल्ली फिरवायची, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची. मग बंद करून घरात. गाडी इंचभरही हलायची नाही. मुलानं, ट्रॉयनं, अंत्यविधीच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आठवड्यातून दहा मिनिटं चालू केलीस की बास, आई, गाडी मस्त राहील. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या पोर्ट ट्रेवेलमध्ये हिवाळ्यात उबेसाठी उत्तरेला जाणारे लोक शेजाऱ्याकडे किल्ली देताना हेच सांगतात, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

तिनं सव्वीस वर्षं शाळेचं कॅन्टीन चालवलं. मी तिच्या हातच्या मांस भरून भाजलेल्या, करंजीसारख्या पेस्टी खाऊन मोठी झाले, आणि अजूनही तिला मिसेस पी.च म्हणते. तिला रस्त्यावर गाडी चालवताना कुणी पाहिलं नव्हतं, पण ट्रॅक्टर चालवताना सगळ्या गावानं पाहिलं होतं. इथं होडी ट्रॅक्टरनं ढकलून वाळूवरून पाण्यात सोडतात. तिचा नवरा क्लेम होडीत उभा राहून ओरडायचा, आणि ही एका दमात ट्रेलर मागं नेऊन होडी अलगद पाण्यात सोडायची. ज्यांना त्यासाठी तीन-तीन खेपा लागायच्या ते पुरुष तेव्हा समुद्राकडे बघत बसायचे. डांबरी रस्ता लागला की मात्र स्टिअरिंग क्लेमकडे. लायसन तिच्या पर्समध्ये चाळीस वर्षं होतं. ती ते वेळेवर नवं करून घ्यायची आणि परत ठेवून द्यायची.

मार्चमध्ये गावातला डॉक्टर दवाखाना बंद करून गेला. पुढचा डॉक्टर चाळीस किलोमीटरवर, आणि बस नाही. ट्रॉयचा ॲडलेडहून फोन आला की त्याच्या घराजवळ वृद्धांच्या वसाहतीत एक दोन खोल्यांची जागा आहे, बाग नाही, पण न्हाणीघरात धोक्याची घंटा आहे. नोएलीन म्हणाली, मी गाडी चालवीन. "तो हसला नाही," तिनं आम्हाला नंतर सांगितलं. "त्यानं हसू दाबलं. ते जास्त लागतं." शेवटी त्यानं जूनपर्यंत मुदत दिली. तोवर तिचं तिला जमलं तर ठीक, नाहीतर घर विकायचं.

दुसऱ्या दिवशी ती गाडी मागं घ्यायला गेली तर गाडी जागची हलेना. तिनं जरा जोर दिला, तसा बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी खरवडत सुटली. आमच्या गॅरेजपर्यंतचा पाच मिनिटांचा रस्ता तिनं पाऊण तासात कापला. मी तिथं काउंटर सांभाळते. माझ्या वडिलांनी, लाइलनं, पुढचं चाक काढलं आणि तिला जवळ बोलावलं. चाकामागची ब्रेकची डिस्क ताटासारखी चकचकीत असायला हवी. ती जळक्या बिस्किटाच्या रंगाची झाली होती, आणि ज्या जागी डिस्कला दाबणारं ब्रेकचं पॅड दोन वर्षं चिकटून बसलं होतं तिथं त्याचा ठसा उमटला होता.

"किती दिवस उभी होती?" बाबांनी विचारलं.

"उभी कुठं? दर रविवारी चालू करत होते."

"इंजिन चालू करत होतीस, नोएलीन. चाकं नव्हे. दारात समुद्र आहे. इथं लोखंड एका रात्रीत गंजतं, सकाळी ब्रेक दाबला की पुसून निघतं. तू पुसलंच नाहीस. हे कुणी शिकवलं तुला?"

"ट्रॉयनं."

बाबा बराच वेळ हात पुसत राहिले. ट्रॉय शाळेनंतर दोन वर्षं आमच्याच गॅरेजमध्ये कामाला होता. उभी गाडी आधी ब्रेकपासून सडते, हे बाबा नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. नोएलीनला हे सांगायची गरज नव्हती. त्या दोन वर्षांत त्याचा जेवणाचा डबा तीच पाठवत होती. तिनं डिस्कवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली लाल भुकटी रुमालाला पुसली आणि एवढंच विचारलं, "सुधारेल का?"

खड्डे खोल नव्हते. बाबांनी अडकलेले भाग सोडवले, पॅड घासले आणि उपाय सांगितला. धान्याच्या कोठारांकडे जाणारा मोकळा रस्ता धर, गाडी साठवर ने, ब्रेक घट्ट दाबून वीसवर आण, थांबू नको, पुन्हा साठवर. रोज सकाळी वीस वेळा. आठवडाभर ओरडतील, मग गप्प होतील. मीच घेऊन जातो रोज, असंही ते म्हणाले.

"तू नेलीस तर तुझा पाय शिकेल, लाइल. माझा शिकायला हवा."

ते ओरडणं विचारू नका. रोज सात वाजता मुख्य रस्त्यावर पत्रा फाडल्यासारखा आवाज यायचा, आणि तारांवरचे गुलाबी काकाकुवे एकदम उडायचे. धक्क्यावर गळ टाकून बसणारे म्हणायचे, मासे पळवायला क्लेमनं बायकोला मागं ठेवलंय. बेकरीवाली तिला हसून हात करायची आणि गाडी पुढं गेली की दार लावून घ्यायची. नोएलीन सरळ समोर बघत जायची, लिपस्टिक लावून, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून.

पाचव्या दिवशी मी ट्रॉयला फोन केला.

आमच्याकडे असंच करतात. म्हाताऱ्या माणसाच्या घराचा पडदा दुपारपर्यंत उघडला नाही, की मुलांना फोन. मला वाटलं, तो नव्या डिस्क बसवून देईल. मी म्हणाले, तुझ्या आईचे ब्रेक फार ओरडतात रे, सगळ्या गावाला ऐकू येतं, काहीतरी बघ. त्यानं माझे आभार मानले. बरं झालं सांगितलंस, म्हणाला.

नवव्या दिवशी, शनिवारी, ती गॅरेजसमोर येऊन थांबली आणि आम्हाला कळलंच नाही. बाबांनी चाक काढलं. डिस्क आरशासारखी झाली होती. बाबा म्हणाले, नोएलीन, आता तू डॉक्टरकडे जा, नाहीतर अर्धा देश ओलांडून पर्थला जा. ती हसली तेव्हा मला तिची ट्रॅक्टरवरची ताठ मान आठवली. चाक परत बसवत होते तेवढ्यात ट्रॉय आला. त्याची बायको त्यांच्या गाडीतच बसून राहिली.

"किल्ली दे, आई. गावातून फोन येतात मला."

"बस शेजारी. दाखवते."

"ब्रेकचं नाही गं. तुझं बोलतोय मी."

बाबा मधे पडले. गाडी ठणठणीत आहे, तसं लेखी देतो, म्हणाले. ट्रॉय त्यांच्याकडे न बघता म्हणाला की गाडी क्लेम गेल्यापासून त्याच्या नावावर आहे. ते खरंच होतं. अंत्यविधीच्या आठवड्यात तिनं बऱ्याच कागदांवर सह्या केल्या होत्या.

नोएलीननं लगेच किल्ली दिली नाही. तिनं विचारलं, "इथं दोन वर्षं काम केलंस तू. उभ्या गाडीचं काय होतं, ठाऊक होतं ना तुला?"

त्याचे कान लाल झाले. "मला वाटलं, नुसतं बसून तू कंटाळशील आणि गाडीचा नाद सोडशील."

तिनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. पर्समध्ये रुमाल चुरगळला होता, त्याची नीट घडी घातली. ट्रॉय गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला, थांबला, वळला. ब्रेकचा काही आवाज नाही. त्याची बायको मागून निघाली.

मी तिला घरी सोडते म्हणाले. ती चालतच जाणार होती. जाताना काउंटरशी थांबली.

"फोन कुणी केला?"

"मी, मिसेस पी."

तिनं मान हलवली, जणू एका पेस्टीची ऑर्डर घेतली होती. "मला का नाही केलास, पोरी?"

तिच्या गाडीचं नोंदीचं कार्ड अजून काउंटरवरच पडलं होतं. त्यावर सगळ्यात वर तिचा नंबर होता, ठळक अक्षरात, तिनं स्वतः लिहिलेला. ट्रॉयचा अगदी खाली, 'अडचण आल्यास कळवावे' या रकान्यात. मी खालूनच वाचायला सुरुवात केली होती.