भिऊन पाण्यात उतरणाऱ्या नसीमबाजी

बोटीत बसण्यापूर्वी नसीमबाजी सगळ्यांदेखत सांगायच्या, "मले भेव लागून राह्यलं." आणि मग बसायच्या. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या बाईने असं म्हणावं, याचं आमच्या संस्थेत हसू व्हायचं. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

त्या देऊळघाटच्या, मी मेहकरचा. किनाऱ्यावरच्या त्या परक्या ऑफिसात मी त्यांना बाजी, म्हणजे ताई, म्हणे आणि त्या माझ्याशी वऱ्हाडीतच बोलत. उपग्रह पाण्याच्या रंगावरून समुद्रात हरितद्रव्य किती याचा अंदाज देतो. पाण्याखाली फिरणारं यंत्र सोडून तो अंदाज ताडून पाहायचा, हे बाजींचं काम. मी त्यांचा तंत्रज्ञ.

"उपग्रहावर एवढा अविश्वास काऊन, बाजी?" मी एकदा विचारलं.

"बोंडअळी आली त्या साली आमच्या भावाची पऱ्हाटी हिरवीगार होती. बीटी हाय, अळी लागत नाही, म्हणत सारे. बोंड फोडलं त अंदर किडा. तवापासून नुसतं हिरवं दिसलं की माह्या आंगावर काटा येते."

समुद्रावर जाण्याआधी आम्ही यंत्राची चाचणी लोणारच्या सरोवरात घेतली; उपग्रहाचा तिथला अंदाजही ताडून पाहायचा होता. शेवाळाने हिरवं झालेलं खारट पाणी. हवा भरलेल्या रबरी बोटीतून यंत्र दोरीला बांधून सोडलं होतं. दुपारी अचानक वारा सुटला, बोट बुडालेल्या बाभळींवर ढकलली गेली आणि रबराला भोक पडलं. हवा सुटल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मला पोहता येत नव्हतं. अंगात तरंगतं ठेवणारं जाकीट होतं, पण ते आठवलंच नाही. यंत्राची दोरी फांद्यांत अडकून बोटीला जागेवरून हलू देत नव्हती.

बाजींनी भोकावर दोन्ही तळहात दाबले. "संजू, दोरी काट."

"यंत्र जाईल, बाजी."

"जाऊ दे. काट. अन वल्हव. बोलत राय माह्यासंग, चूप बसला त मले जास्त भेव लागते."

मी मेहकरच्या आमच्या गल्लीतली दुकानं ओळीने सांगत सुटलो. मी अडखळलो की त्या म्हणत, "पुढं?" काठाला लागलो तेव्हा बोटीची एक बाजू पाण्याखाली गेली होती. बाजी चिखलात बसल्या आणि ओकल्या.

यंत्र दुसऱ्या दिवशी तरंगताना सापडलं, पण मोजणी अर्धवट राहिली होती. वरिष्ठांचा फोन आला : उपग्रहाचे आकडे जुळतात असं कळवून टाका, समुद्रावरच्या मोहिमेला उशीर होतोय.

"पाह्यलं नाही, त कसं सांगू?" बाजी म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरी बोट मागवली. मी येणार नाही म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. "तू काठावर राय. कोणी वाट पाहून राह्यलं असलं त वापस याले बरं वाटते."

एका सहकाऱ्याला घेऊन त्या निघाल्या. नव्या जाकिटाचे बंद त्यांनी बांधले, सोडले आणि पुन्हा बांधले. बोट बाभळींआड गेली आणि बराच वेळ दिसेना. मी हाका मारल्या. वाऱ्यामुळे त्या बोटीपर्यंत पोचत नसाव्यात. आदल्या दिवशी मी स्वतःसाठी भ्यालो होतो, पण हे त्याहून वाईट होतं.

शेवटी बोट बाहेर आली. बाजी लांबूनच सांगू लागल्या, "मधात उपग्रह खरा हाय. काठाशी मात्र गाळालेच हिरवं समजून राह्यला..." आणि माझ्याकडे पाहून मधेच थांबल्या.

मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. कधी उतरलो, मला कळलंच नव्हतं.