व्हॉइसवाले अप्पा

अप्पांना मोबाइलवर लिहिता येत होतं, पण लिहिलेल्या मतावर त्यांचा विश्वास नव्हता. "लिहून माणूस भांडते काय?" असं म्हणत ते आमच्या पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एक व्हॉइस मेसेज टाकायचे. आधी खाकरणं, मग "ऐका बरं", आणि मागे त्यांच्या बकरीचं ओरडणं. ग्रुप काढला होता फवारणी आणि बाजारभावासाठी. अप्पांमुळे त्यात साऱ्या दुनियेचे विषय यायचे. आम्ही त्यांना व्हॉइसवाले अप्पा म्हणू लागलो. त्यांना ते आवडलं असावं.

मत नाही असा विषय त्यांच्याकडे नव्हता. मानोऱ्याच्या चौकात कुणा पोराच्या वाढदिवसाचं बॅनर लागलं की अप्पा सुरू: "जल्मल्याचं बॅनर कायले? जल्मताना मेहनत याच्या मायनं केली, फोटो तिचा लावा." कुणी गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं की, "सकाळ झाली हे मले कोंबड्यानं सांगतलं, तू उठून कामाले लाग." रील काढणाऱ्या पोरांवर त्यांचा वेगळा जीव होता. "पोट्टा तुरीत उभा राहून नाचून राह्यला. पण तूर त्याच्या बापानं पेरली, हे कोण सांगंन?" पोरं चिडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच मेसेजची वाट पाहायची.

मी इंझोरीचा, ते शेजारच्या गावचे. खताच्या दुकानात भेट व्हायची. तिथे मात्र ते फारसं बोलत नसत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी पल्लवी मंगरूळपीरला कॉलेजात होती. घरात ऐकायला बकरीच होती. एवढी मतं आतल्या आत ठेवली असती तर माणूस फुटला असता.

त्यांचा सगळ्यात गाजलेला मेसेज पोरींच्या बापांवरचा. "ऐका बरं. लग्नाच्या आंधी फोटो काढाले पोरगी शेतात येते, फुलायच्या मंधात उभी राह्यते. पण नवरा शेतीवाला नको. अन् तिचा बाप कोण? शेतकरी! आपुन शेती करता, अन् जावाई पुण्याचा पायजे. काहून? पोरं चांगले हायेत. नांदवतीन. द्या पोरी!" मानोरा तालुक्यातल्या प्रत्येक बिनलग्नाच्या पोराने तो स्टेटसला ठेवला. मीही ठेवला. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि पाच ठिकाणांहून नकार आला होता. पाचही ठिकाणी आधी विचारलं, "पोरगा काय करते?"

तेव्हा मला वाटलं, एक घर तरी आहे. चूक म्हणाल तर ही. मी मामाला पल्लवीसाठी मागणी घालायला अप्पांकडे पाठवलं.

अप्पांनी मामाला चहा पाजला, पोहे खाऊ घातले. दोन दिवसांनी ते स्वतः फटफटी घेऊन माझ्या शेतावर आले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "पोरीले इचारलं बावा. नाई म्हणते." मी म्हटलं, बरं. ते बराच वेळ चपलेने ढेकूळ फोडत राहिले. मग म्हणाले, "माझं मत बदललं नाई, बरं का. पण मत माझं हाय, जल्म तिचा हाय." मला ते पटलं. वाईट वाटलं का, असं मामा नंतर विचारत होता. त्या दिवशी हरभऱ्याला पाणी देणं चालू होतं, ते मी संध्याकाळपर्यंत दिलं.

पल्लवीचं लग्न पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाशी ठरलं. अप्पांनी पत्रिका ग्रुपवर टाकली आणि तिच्याखाली कुणीतरी तोच जुना व्हॉइस मेसेज चिकटवला. मग हसणारे चेहरे आले, मग शिव्या. "बोलाचा भात अन् बोलाची कढी," एकाने लिहिलं. अप्पा सगळं वाचत होते, दिसत होतं. शेवटी मीच लिहिलं, "अप्पांनी स्थळ आल्यावर पोरीले इचारलं होतं. तिनं नाही म्हटलं. पोरीवर जबरदस्ती करावं काय?" शिव्या थांबल्या. अप्पांनी मला एकट्याला हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. लग्नात मी पंगतीत वाढलं. त्यानंतर अप्पांनी ग्रुपवर एकही मत दिलं नाही. कुणाला वाटलं रुसले, कुणाला वाटलं म्हातारे झाले.

यंदा थंडीत अप्पा गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी तेरवीला गेलो. पल्लवी कडेवर लेकरू घेऊन बाहेर आली. बापाचा आवाज ऐकावा म्हणून ती त्यांच्या मोबाइलवर मागचं सगळं उघडून बसली होती. तिने मला बाजूला बोलावलं.

"भाऊ, हे तुमीच लिहिलं ना? कोन्तं स्थळ आलं होतं माह्यासाठी?" तिने माझाच मेसेज पुढे धरला. "मले तर बाबानं काहीच इचारलं नवतं."

मी म्हटलं, "जुनी गोष्ट हाय. ध्यानात नाई."

"शेतीवाला होता काय?"

"हो."

"चांगला होता?"

आतून कुणीतरी पानं वाढायला हाक मारली. "पायतो," म्हणून मी वळलो. बुंदीची बादली घेतली आणि वाढत गेलो. राग यायला हवा होता, तो आला नाही. एका माणसाने मला पानापाशी थांबवून विचारलं, अप्पांचे तुम्ही कोण? मी म्हटलं, ग्रुपमधला.