धुराड्याचा बंगला

पांढरकवड्याहून आत जंगलाकडे वळलं की सागाच्या झाडांत एक बंगला होता, इंग्रजांच्या काळातला. कोण्या साहेबानं आपल्या मुलुखातलं घर डोळ्यांपुढे ठेवून तो बांधला, असं सांगत. छप्पर इतकं उभट, जसं काही केळापूर तालुक्यात दर हिवाळ्यात बर्फच पडतं. दर्शनी भिंतीतून पुढे आलेली तीन बाजूंची खिडकी. दिवाणखान्यात शेकोटीचा कोनाडा आणि तिचं विटांचं धुराडं थेट छपरावर. मे महिन्यात इथे माणूस भाजून निघतो, आणि साहेबाला शेकोटी पाहिजे! लोक त्याला धुराड्याचा बंगलाच म्हणत. माझा बा तिथे चौकीदार होता.

साहेबाला आम्ही खूप हसलो, पण तो काही खुळा नव्हता. भिंती दोन हात जाड, दगड-चुन्याच्या. वर आढ्यापाशी झरोके, गरम हवा तिथून निघून जायची. भर उन्हातून आत शिरलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटे.

दरवर्षी दसरा झाला की बा भिंतींना लागायचा. वणीकडच्या भट्टीचा चुना पंधरा दिवस पिंपात भिजवायचा, त्यात डिंकाचं पाणी घालायचा. पावसाळ्यात सुटलेले पापुद्रे खरवडायचे, मग पातळ तीन हात द्यायचे. त्याची बोटं चुन्यानं फाटत. रश्श्याचं तिखट झोंबायचं म्हणून तेवढे दिवस तो चमच्यानं जेवायचा. घरात चमचा एकच होता, तो त्याचाच.

मी शिकलो, बांधकाम खात्यात इंजिनियर झालो आणि फिरत फिरत याच तालुक्यात आलो. बा रिटायर झाला होता, तरी दसऱ्यानंतर चुना मारायला जायचाच. मला त्याची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? आणि कीवही यायची. बंगल्याच्या दुरुस्तीची फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा मी ठरवलं, आता बस. आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, वरून ऑइल पेंट मारला. भिंती आरशासारख्या चमकायला लागल्या.

बा पाहायला आला. भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

"बाबू, ह्या भिंतीले श्वास घ्या लागते. तिचं तोंड नोको बंद करू."

मी हसून म्हणालो, आता तुझी बोटं फाटणार नाहीत. त्यानं भिंतीवरचा हात काढून घेतला. मला वाटलं, पटलं त्याला. उंटावरचा शहाणा मी!

त्या दसऱ्याला तो घरीच राहिला आणि हातानं जेवला. मला केवढा अभिमान वाटला होता.

तिसऱ्या पावसाळ्यात गिलावा फुगला. जुन्या भिंती जमिनीतली ओल आधीपासूनच ओढत होत्या, पण ती चुन्यातून वाळून जायची. पापुद्रे सुटायचे, बा नवे हात द्यायचा. ज्याला मी भिंतीचा रोग समजलो तेच तिचं औषध होतं. आता ओल आत कोंडली. लाकडी तुळयांची टोकं सडली, खिडकीची बाजू खचली. गणपती करायला गेलो आणि मारुती झाला.

या वर्षी बंगला धोकादायक ठरला, आणि अहवाल लिहायचं माझ्याच नशिबी आलं. नुकसानीचं कारण लिहायचं होतं. सोबतचे म्हणाले, लिहा की, जुनं चुन्याचं बांधकाम, आयुष्य संपलं. कोण विचारतो? मी तेच लिहिलं.

संध्याकाळी बानं विचारलं, कारण काय लिवलं? मी सांगितलं. तो भाकरीचा तुकडा हातात धरून थांबला.

"म्हंजे माह्या चुन्यावर आलं."

रागानं नाही, हळूच म्हणाला. मी ताट तसंच सारून उठलो.

सकाळी ऑफिसात जाऊन तो कागद फाडला आणि नवा लिहिला: चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केल्याने ओल कोंडली, काम माझ्या देखरेखीखाली झाले. माझ्या वरच्या साहेबांनी उभ्या उभ्याच लेखी खुलासा मागितला. दुपारचा डबा तसाच घरी परत आला.

बाला अहवाल वाचून दाखवला. तो डोळे मिटून ऐकत होता.

"सही केली?"

"केली."

"मंग जेव आता."

मी जेवलो. पुढच्या आठवड्यात बंगला पाडला.