वरची मूठ

टीव्हीवर लोकसभा चालू होती आणि मी समोर बसून मटार सोलत होतो. विषय महागाईचा. एक जण बोलायला उठला की दहा जण मध्येच उठायचे.

"तेलाचं काय म्हणतायत?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"अजून कुणी कुणाला बोलूच दिलेलं नाही."

तिनं डब्यातून आम्हा दोघांपुरते वाटीभर तांदूळ घेतले आणि सवयीनं वर एक मूठ टाकली. ही मूठ आल्यागेल्याची. अलीकडे आमचं वरण पातळ झालंय, चहाची पावडर बदललीय, भाजीत मटार शोधावे लागतात. मूठ मात्र तेवढीच आहे.

मी एकदा म्हटलंही होतं, "आता न सांगता कोण येतं गं?"

"नाही येत. पण येऊ नये, असं तरी कशाला वाटू द्यायचं?"

महागाईत काय काय सोडायचं, ते बाजारच ठरवतो. काय सोडायचं नाही, हे मात्र घराघरात असं न बोलता ठरत असावं. सभागृहात त्यावर चर्चा होत नाही, हे एका परीनं बरंच.

कुकर लावून ती पदराला हात पुसत बाहेर आली. पडद्यावर एक म्हातारे खासदार गोंगाटातच बोलत होते. ती जरा वेळ बघत राहिली.

"घसा बसलाय हो बिचाऱ्यांचा. सकाळपासून काही खाल्लं असेल का?"

आत कुकरची शिट्टी झाली. त्यांच्यापुरता भात होता.