उत्तर न काढण्याची परीक्षा

इस्पितळात ती फार्मासिस्ट होती. लहान मुलांच्या औषधाचं प्रमाण काढायचं, मग तेच उलट बाजूने ताडून पाहायचं, हे वर्षानुवर्षं तिच्या अंगवळणी पडलेलं. चाळिशी जवळ आली तेव्हा तिच्या मनाने घेतलं की आता व्यवस्थापनाची पदवी करायचीच. त्यासाठी प्रवेशपरीक्षा आली, आणि परीक्षेत ते छळवादी प्रश्न. एक प्रश्न, त्याखाली दोन विधानं दिलेली. त्यांवरून उत्तर निघू शकेल का, एवढंच सांगायचं. उत्तर काढत बसायचं नाही.

तिला नेमकं तेच जमेना. शिकवायला धाकटी नणंद होती, गणिताची शिक्षिका आणि जिभेची तिखट. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघी घड्याळ लावून बसत. समीकरण हाती आलं की वहिनीची पेन्सिल जी सुटायची ती थेट शेवटच्या आकड्यापर्यंत. परीक्षा आठवड्यावर आली तरी सराव चाचणीत निम्मे प्रश्न कोरे राहिले, तेव्हा नणंदेने तिच्या हातातली पेन्सिलच काढून घेतली.

“वहिनी, उत्तर मागितलंय कोणी तुझ्याकडे?”

“मी अर्ध्यात सोडलं तर तिकडे मूल दगावतं. तुझं चुकलं तर खोडरबर असतो.”

नणंदेचा चेहरा उतरला. पर्स उचलून ती निघून गेली, आणि नंतर आठवडाभर तिचा फोन नाही. नवऱ्याने मध्ये पडायचं टाळलं. बायको आणि बहीण यांच्यात बोलून त्याने पूर्वी हात पोळून घेतले होते.

परीक्षेच्या खोलीत गारठा होता. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं धावत होतं. सुरुवातीचे प्रश्न तिने सवयीने पुरते सोडवले, ताडूनही पाहिले, आणि मान वर केली तर बराच वेळ हातचा गेलेला. पुढचा प्रश्न टाकी भरणाऱ्या दोन नळांचा होता. मोठा नळ एकटा किती वेळात टाकी भरेल? पहिलं विधान म्हणे, दोन्ही मिळून सहा तासांत भरतात. दुसरं म्हणे, लहान नळाला मोठ्याच्या दुप्पट वेळ लागतो. एकट्या विधानाने भागत नव्हतं. दोन्ही एकत्र घेतली की शोधायची गोष्ट एकच उरत होती, म्हणजे उत्तर निघणारच. हात कागदाकडे निघाला. तिने तो मांडीखाली दाबून धरला, दुसऱ्या हाताने पर्याय निवडला आणि पुढे गेली. ती टाकी मनात सलत राहिली, पण ती मागे वळली नाही. शेवटचे दोन प्रश्न तरीही राहिलेच.

गुण पडद्यावर आले. नावाजलेल्या संस्थेला ते कमी पडत होते, संध्याकाळच्या वर्गाला पुरत होते. बाहेर येऊन तिने नणंदेला फोन लावला आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागायला सुरुवात केली.

“ते मग बोलू,” नणंद म्हणाली. “किती पडले? सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा.”

संध्याकाळच्या वर्गात तिने प्रवेश घेतला. पहिल्या सहामाहीत हिशेबाच्या विषयात ती जेमतेम काठावर पास झाली, आणि ते नणंदेला सांगायचं धाडस तिला लवकर झालं नाही.