मी वारलो त्या दुपारी

मी वारलो तेव्हा सिल्लोडजवळ एका टपरीवर चहा पीत होतो.

हवामान बदलतंय, तर सरकारनं काय करावं, याचे अहवाल लिहिणं ही माझी नोकरी. (सरकारनं काय केलं, ते विचारू नका!) त्या दुष्काळात विषय होता पाणीटंचाईची पूर्वसूचना. म्हटलं, आधी घरी करून बघू. सोयगावच्या दौऱ्यावर निघताना पोर्चखालच्या हौदात एक यंत्र सोडलं. पाणी तळाला गेलं की ते माझ्या आवाजात बोलणार, "आई, पाणी संपलं. लक्ष दे." गावोगाव सभा घेऊन सगळ्यांना समजावलं, घरी सांगायचं राहूनच गेलं!

आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा, तासभर. त्या दिवशी दुपारची पाळी होती. ऊन रखरखीत, गल्ली चिडीचूप. आई पोर्चमध्ये तांदूळ निवडत होती. आणि तिच्या पायाखालून माझा घोगरा आवाज घुमला, "आई... पाणी..."

"सुमन! कोण बोललं गं?"

बायको धावत आली. पुन्हा आवाज! "आई, हे तर ह्यांच्यासारखंच बोलतंय!"

"मग जमिनीखालून कसं येतंय गं?"

मला फोन लावला. बंद! (चार्जर घरीच विसरलो होतो.) झालं! आईनं हंबरडा फोडला, "माझं लेकरू तहानलेलं गेलं गं!"

दौरा आटोपून मी घरी पोचलो तर दारात अख्खी गल्ली. रस्त्याच्या धुळीनं मी नखशिखांत पांढरा. शेजारच्या काकू मला बघून भिंतीलाच चिकटल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

तेवढ्यात माझ्याच पायाखालून मी बोललो, "आई, पाणी संपलं." खरं सांगतो, माझीच बोबडी वळली! क्षणभर वाटलं, खरंच गेलोय की काय आपण?

आईनं मला चाचपलं, छातीशी धरलं आणि फाडकन एक ठेवून दिली. "मेल्या, सांगून तरी जायचं व्हतं!" ती लई रडली. मलाही रडू आलं.

मग सुमन किंचाळली, "नळ!"

धावलो. नळ नुसता फुसफुसत होता. पाळी संपलेली! माझ्या दुःखात मोटार लावायचं भान कुणाला? पुढचा आठवडा शेजाऱ्यांच्या कळशीवर काढला.

ऑफिसनं चाचणीचा निकाल मागितला. मी अगदी प्रामाणिकपणे लिहिलं : "इशारा मिळताच कुटुंबाचा पाणीवापर तत्काळ थांबला."