कापसाच्या ढिगावरची बाळंतीण

सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली आणि चांदूर बाजाराकडच्या गावांत कापसाला सोन्याचे दिवस आले. माणसं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागली, कारण नसताना जेवणावळी घालू लागली. सूर्यभानची बायको मनकर्णा मुळातच हसरी, त्यात गाव असं चढलेलं.

त्या हिवाळ्यात तिला मुलगी झाली. बारशानंतर तिचे पाय सुजले, दोन पावलांत धाप लागू लागली. बाजेवर आडवं केलं, की पाणी गळ्याशी आल्यासारखी ती उठून बसे. सुईण म्हणाली, बाळंतवारा. सासू गोदाबाईंनी दृष्ट काढली, पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांची जाऊ पहिल्या खेपेला अशीच सुजून सावरली होती, आणि दुसऱ्या बाळंतपणात गेली होती.

सूर्यभाननं बायकोला उचलून कापसाच्या खोलीत नेलं, ढिगाला टेकवून बसवलं. कित्येक दिवसांनी ती गाढ झोपली.

तेवढ्यात अमरावतीचा दलाल खरेदीला आला.

"कापूस इकाचा नाई," सूर्यभान म्हणाला. "माही बायको त्याच्यावर निजून राहिली."

दलालाला ही भाव चढवायची नवीच युक्ती वाटली. त्यानं भाव वाढवला. गावाला वाटलं, सूर्यभानला अकोल्याच्या बाजाराची आतली बातमी लागली. सगळ्यांनीच माल दाबून धरला. दलाल पुन्हा पुन्हा येई आणि खिडकीशी उभा राहून बाळंतिणीची प्रकृती विचारी. मनकर्णा हसे, धापा टाके, पुन्हा हसे.

हरिहर वैद्यांनी मीठ तोडलं, पुनर्नवेचा काढा दिला, जागचं हलू दिलं नाही. पोरीला शेजारची वच्छला पाजायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सूज उतरली. एके दुपारी मनकर्णा अंगणात सतरंजीवर सपाट उताणी पडली. सूर्यभान श्वास रोखून बघत राहिला. धाप लागली नाही. तिनं शेजारणींना हाका मारल्या, मी कशी निजते ते पाहा म्हणाली. बाया आल्या, तिच्या शेजारी आडव्या झाल्या, आणि हसून हसून लोळल्या.

कापूस गेला तेव्हा भाव आणखी चढला होता. सूर्यभान खरं सांगे, कोणी ऐकेना.

पुढं नातेवाइकांनी नातवाचा विषय काढला. गोदाबाईंनी तो तिथंच मिटवला.

"एक पोरगी पुरे. मले सून पायजे."

सूर्यभाननं तर आपली खाट केव्हाच ओसरीत हलवली होती. पोरीच्या लग्नात मनकर्णा फुगडी घालताना तीन व्याहिणी दमल्या.